मेळघाटला येण्याआधी: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

माझं घर परतवाड्याचं. मेळघाटचा घाट इथूनच चढायला सुरू होतो, त्यामुळे गेली वीसेक वर्षं पुण्या-मुंबईकडची, नागपूरची ओळखीची मंडळी निघण्याआधी एक फोन करतातच. प्रश्न बहुतेक तेच असतात. काहींची उत्तरं दोन वाक्यांत संपतात, काहींना मात्र वेळ द्यावा लागतो. एकदा नीट लिहून ठेवतो.

मेळघाट नेमका कुठे आहे? चिखलदरा म्हणजेच मेळघाट का?

चिखलदरा हे मेळघाटातलं एक गाव, थंड हवेचं ठिकाण. मेळघाट त्याहून कितीतरी मोठा. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे ढोबळमानाने मेळघाट. सातपुड्याची गाविलगड रांग इथून जाते. घाटांचा मेळ, म्हणून मेळघाट. एक घाट उतरला की दुसरा चढायचा, मधे नदी. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतलं पाणी गोळा करून तापीला नेऊन देतात. सर्वांत उंच जागा वैराटची, ११७८ मीटर.

चिखलदऱ्याचे पॉइंट बघून दुसऱ्या दिवशी परत फिरणारे 'मेळघाट केला' म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. खरा मेळघाट त्या पॉइंटवरून खाली दिसतो, तिथे उतरावं लागतं.

यायचं कसं?

रेल्वेने बडनेरा, अमरावती किंवा अकोला. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे, तिचं वेळापत्रक बघून ठरवा. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. तिथून एक रस्ता चिखलदऱ्याला चढतो, दुसरा सेमाडोह, हरिसाल करत धारणीला आणि पुढे मध्य प्रदेशात जातो. एसटी दोन्हीकडे जाते. आतल्या गावांना दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून स्टँडवर चौकशी करूनच बसा.

जुनी मंडळी अकोला-खंडवा मीटरगेज गाडीबद्दल विचारतात. धुळघाटला ती गाडी डोंगराला गोल वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. २०१७ पासून ती बंद आहे. अकोटपर्यंत रूळ रुंद झाले. पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, यावर पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर बाहेरून. प्रवासाला वेळ लागला तरी चालेल.

कोणत्या महिन्यात यावं?

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे.

पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात बुडालेला असतो, धबधबे भरून वाहतात, पण जंगलाच्या गाभ्यातली सफारी त्या काळात बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेइतकं असतं. जनावर दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही, पण हिरवळ आणि ओढे बघायला याहून चांगला काळ नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही आणा. फेब्रुवारीत साग पानं टाकायला लागतो. तेव्हा जंगलात नुसतं उभं राहून ऐका. ताटाएवढं वाळलेलं पान फांदी-फांदीवर आपटत खाली येतं आणि पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे वळून बघतो. एप्रिल-मे तापलेले असतात, पण पाणी मोजक्या जागी उरल्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येतात.

माझी आवड विचाराल तर मार्च. पळस फुललेला, मोह गळायला लागलेला, आणि होळी जवळ. होळीबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

वाघ दिसेल का?

बहुधा नाही.

२२ फेब्रुवारी १९७४ ला मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशात अगदी सुरुवातीला निवडलेल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक, आणि महाराष्ट्रातला पहिला. आज गाभा आणि बफर मिळून क्षेत्र २७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्या मधोमध. वाघ आहेत, चांगले आहेत. पण हा ताडोबासारखा सपाट मुलूख नाही. दऱ्या, उतार, दाट साग आणि बांबू. वाघाला तुमच्या जिप्सीच्या रस्त्यावर यायची काही गरजच पडत नाही. पायाचे ठसे दिसतील, झाडावर ओरबाडे दिसतील, सांबराचा 'ढांक' असा इशारा ऐकू येईल. माझ्या वीस वर्षांत वाघ मला बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिसला आणि त्यातही एकदा फक्त शेपूट.

वाघासाठीच येणार असाल तर ताडोब्याला जा, हे मी मनापासून सांगतो. नाहीतर होतं काय, सकाळच्या सफारीत वाघ दिसला नाही की लोक गाइडवर चिडतात. तो बिचारा कोरकू पोरगा तुम्हाला रानगव्याचा कळप दाखवत असतो, आणि गाडीतून आवाज येतो, "भाऊ, वाघाकडे घेऊन चला ना."

मग बघायचं तरी काय?

रानगवा. बैलापेक्षा कितीतरी मोठा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. अस्वल, रानकुत्री, चौसिंगा, सांबर, भेकर, उडती खार. गडगा आणि डोलार नद्यांच्या डोहांत मगरी आणून सोडल्या होत्या, त्यामुळे डोहाच्या काठी पाय सोडून बसायची हौस करू नका.

आणि रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. याच्यासाठी जगभरातून पक्षीवेडे इथे येतात आणि आपल्यापैकी पुष्कळांना तो माहीतच नसतो. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाच दिसला नाही. संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकेतून आलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे शोध घेतल्यावर मेळघाटात तो बऱ्यापैकी संख्येने असल्याचं कळलं. इथल्या माणसांना तो रोज दिसतच असणार, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हा पिंगळा दिवसा शिकार करतो. हिवाळ्यात सकाळी सेमाडोह-रायपूर भागात सागाच्या उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला असतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, पोट पांढरं आणि पायांवर दाट पांढरी पिसं. अस्वस्थ झाला की शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. आवाज रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावू नका. तो शत्रू आला समजून शिकार सोडून धावतो आणि विणीच्या दिवसांत त्याची किंमत घरट्यातली पिल्लं मोजतात.

सफारी आणि मुक्कामाची नोंदणी कशी करायची?

व्याघ्र प्रकल्पाचं 'मॅजिकल मेळघाट' नावाचं अधिकृत संकेतस्थळ आहे, तिथूनच करा. सेमाडोह, कोलकास, शहानूर अशा ठिकाणी वनविभागाची निवास संकुलं आहेत. कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर उंचावर आहे. तिथल्या पडवीत संध्याकाळी बसणं हाच एक कार्यक्रम आहे, दुसरं काही करू नका. सुट्ट्यांच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. सफारीत गाइड बरोबर असणं बंधनकारक असतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री 'निसर्गानुभव' असतो. मचाणावर बसून चांदण्यात पाणवठ्यावर कोण येतं त्याची नोंद करायची. जागा मोजक्या असतात. रात्रभर गप्प बसता येत असेल तरच नाव द्या.

मोबाइल, पैसे, पेट्रोल?

परतवाड्यात टाकी भरा, तिथेच रोख काढा. पुढे एटीएम चिखलदरा आणि धारणीला आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मधल्या बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा. एकदा हतरूकडच्या रस्त्यावर माझं चाक बसलं आणि स्टेपनीही बसलेली निघाली. लाकडं घेऊन घरी निघालेल्या एका आजोबांनी ओझं रस्त्याकडेला ठेवलं आणि चाक स्वतः सायकलला बांधून पुढच्या गावात नेलं. पैसे घ्यायला तयार नव्हते. "उद्या तू माझ्यासाठी थांबशील," एवढंच म्हणाले.

रात्री घाटातून गाडी चालवावी का?

नको. अंधारात जनावरं रस्त्यावर असतात, वळणं आंधळी आहेत, आणि काही रस्त्यांवर रात्री बंदीही असते. चार-साडेचारला मुक्कामी पोहोचा.

कोरकू लोक कोण? त्यांची भाषा मराठीसारखी आहे का?

मेळघाटात गोंड आहेत, निहाल आहेत, गवळी आहेत, पण इथली सर्वांत मोठी वस्ती कोरकूंची. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे 'माणसं'.

त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही आणि गोंडीसारखी द्रविडही नाही. ती मुंडा कुळातली आहे. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी, त्या इथून कितीतरी लांब झारखंड-ओडिशाकडे. मुंडा भाषांमध्ये सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा कोरकूच. खाण्याला कोरकूत 'जोम' म्हणतात, संथाळीतही 'जोम'च. वाघ म्हणजे 'कूला', संथाळीत 'कुल'. मधे एवढा मुलूख, तरी वाघाचं नाव दोघींनी सोडलं नाही. सिपना नदीचं नावही कोरकूच, सिपना म्हणजे साग. पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे थोडे लोक उरले आहेत. त्या भाषेचं तर जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं लागलेलं नाही.

पोरं शाळेत जातात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना मराठी परकी असते. कोरकू मूल वर्गात गप्प बसलं तर त्याला काही येत नाही असा समज करून घेऊ नका. तुम्ही 'जोम' हा एक शब्द शिकून गेलात तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा.

गावात जाता येतं का? फोटो काढले तर चालतात?

जाता येतं. पण गाइडला किंवा ओळखीच्या माणसाला बरोबर घ्या, आणि राम राम म्हणून सुरुवात करा.

कोरकू गाव ओळखू येतं. घरांच्या दोन समोरासमोर ओळी आणि मधे रुंद, झाडून लखलखीत ठेवलेली गल्ली. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून माती आणि शेण. मी एकदा सकाळी सातला अशा गल्लीत उभा होतो. एक बाई ओसरी सारवत होती. हाताचा पंजा अर्धवर्तुळात फिरवून एकेक ठसा आधीच्या ठशाला खेटून उमटवत ती मागे मागे सरकत उंबऱ्यापर्यंत आली, आणि मग उरलेल्या शेणकाल्याने उंबऱ्याची कडाही पुसून घेतली. ओसरी वाळेपर्यंत कुणी तिच्यावर पाय ठेवला नाही, कोंबडीला पोरांनी हाकललं. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण बुटासकट चढून फोटोसाठी उभा राहिला. ती बाई काही बोलली नाही. परत पाणी आणायला गेली.

म्हणून सांगतो, बूट बाहेर. फोटोआधी विचारा, आणि माणूस गप्प राहिला तर तो नकार समजा. मुलांना गाडीतून चॉकलेटं फेकू नका. हे लिहावं लागतं याचं दुःख होतं, पण अजूनही फेकतात, आणि मग पोरं प्रत्येक गाडीमागे धावतात, घाटाच्या वळणावर.

होळीला यावं का? रस्ता अडवतात म्हणे?

होळी हा कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसं, कुठल्या वीटभट्टीवर असोत की कुठल्या शहरात इमारतीवर, होळीला घरी परततात. त्याआधीचे आठवडी बाजार बघण्यासारखे असतात. नवे कपडे, हारकडे, बांगड्या, ढोलाला नवं कातडं. होळी पाचेक दिवस चालते. काही गावांत मेघनाथाचा उंच खांब उभारून त्याची पूजा होते. रावणपुत्र मेघनाथ हा इथे पूजेचा देव आहे, त्यावर शहाणपण शिकवू नका. पुरुष-बायका ओळीत हात धरून ढोल-बासरीवर गादली-सुसून नाचतात, रात्र-रात्र.

रस्त्यावर दोर किंवा लाकूड आडवं धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, तेच तुम्ही ऐकलं असेल. घाबरायचं काही कारण नाही. पाच-दहा रुपयांची नाणी-नोटा सुट्ट्या आणा, काच खाली करा, हसा, द्या. नाच थोडा वेळ बघा. गाडीतून हॉर्न वाजवत बसणारे स्वतःचा सण घालवतात आणि त्यांचाही.

खायला काय मिळतं? मोहाची दारू?

ज्वारी-मक्याची भाकरी, कुटकीचा भात, डाळ, रानभाज्या. कुटकी हे बारीक भरडधान्य, डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतही येतं. गवळ्यांच्या म्हशींमुळे दूध आणि खवा उत्तम मिळतो. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, विदर्भात असूनही. ती विचारून प्या.

मोहाबद्दल जरा सविस्तर. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. अंधारातच बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि जनावरंही येतात. अस्वलाला मोह फार आवडतो. त्या दिवसांत अस्वल आणि माणूस समोरासमोर येण्याचे प्रसंग घडतात, आणि अस्वलाचा हल्ला वाघापेक्षा वाईट, असं इथे कुणीही सांगेल. गोळा केलेली फुलं वाळवून विकतात, खातात, आणि दारूही गाळतात. तिला कोरकूत सिडू म्हणतात. जन्म, लग्न, मरण, देव, सगळीकडे ती लागते. पर्यटकांनी मागत फिरायची वस्तू ती नाही. घरात बोलावून कुणी मानाने दिली तर गोष्ट वेगळी. एरवी गाइडला पैसे देऊन आणायला पाठवणं बंद करा.

आणि उन्हाळ्यात जंगलात काडी पेटवू नका, सिगारेटसुद्धा. वाळलेला सागाचा पाला एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर जाळतो.

मेळघाट म्हणजे कुपोषण, असंच ऐकलंय. आम्ही काही मदत आणू का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही तसंच देतो.

१९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं. तेव्हापासून समित्या आल्या, योजना आल्या, उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं सरकारला जाब विचारला. सुधारणा झाली आहे, प्रश्न संपलेला नाही. दवाखाना लांब, पावसाळ्यात रस्ता तुटलेला, आई मजुरीसाठी बाहेर, डॉक्टरची जागा रिकामी. या चारही गोष्टी एकाच घरात एकाच महिन्यात येतात, तेव्हा मूल दगावतं.

पण इथे ठाण मांडून राहिलेली माणसंही आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उमेदीची सगळी वर्षं दिली, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतावलीला डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था आहे. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. सुनीलभाऊ आता नाहीत, काम चालू आहे.

जुने कपडे गाडीत भरून आणू नका. हाडकुळ्या पोरांचे फोटो काढून टाकू नका, ती कुणाची तरी लेकरं आहेत. द्यायचंच असेल तर अशा एखाद्या संस्थेला आधी विचारून, त्यांना लागतं तेच द्या.

वाघांसाठी गावं उठवली, हे खरं का?

खरं. बोरी, कोहा, कुंड ही पहिली. मग वैराट, चुर्णी, आणि अकोट बाजूची बरीच गावं. २००८ च्या योजनेत कुटुंबाला दहा लाख रुपये ठरले, पुढे ती रक्कम पंधरा लाख झाली. उठलेल्या गावांच्या शेतांवर आज गवताळ मैदानं झाली आहेत. तिथे संध्याकाळी सांबर आणि गवे चरताना मी पाहिले आहेत, डोळे निवतात.

पण खाली सपाटीवर गेलेल्यांपैकी काहींची मी घरंही पाहिली आहेत. पक्की भिंत आहे, शाळा जवळ आहे, रस्ता आहे. मोह नाही, नदी नाही, सरपण विकत. पैसा दोन-तीन वर्षांत संपलेली घरं आहेत, आणि नीट बसलेलीही आहेत. काही लोक रागाने परत जंगलात गेले आणि संघर्षही झाला. मैदानावर गवे बघाल तेव्हा गाइडला विचारा, इथे कोणतं गाव होतं. त्याला बहुतेक माहीत असतं, कधी कधी ते त्याच्याच आजोबांचं असतं.

एक दिवस जास्त असेल तर?

गाविलगड. चिखलदऱ्याच्या अगदी जवळ. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. दरवाजांवरची गंडभेरुंडं (दोन डोक्यांच्या पक्ष्याची शिल्पं) आणि आतले तलाव बघायला अर्धा दिवस ठेवा, पाणी जवळ ठेवा. अकोट बाजूने उतरणार असाल तर शहानूरहून नरनाळा किल्ला. तिथला महाकाली दरवाजा सकाळच्या उन्हात बघा.

आई-बाबा, लहान मुलं चालतील?

चिखलदरा, सेमाडोह, कोलकास आरामात चालेल. गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या, डासांसाठी मलम, नेहमीची औषधं पुरेशी. मोठा दवाखाना लागला तर अमरावतीच गाठावं लागतं, हे लक्षात ठेवून ठरवा.

परत जाताना काय घ्यावं?

गावातल्या घरातून किंवा बचतगटाकडून कुटकी आणि मध घ्या. लवाद्याहून बांबूची वस्तू घ्या. भावात घासाघीस करू नका, टोपली विणायला किती वेळ जातो ते तिथेच बसून एकदा बघा. सागाचं बी, पक्ष्याचं पीस, शिंग, दगड, असलं काही जंगलातून उचलू नका. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत येत असाल तर उतरताना बहिरमच्या यात्रेत थांबा. महिनाभर चालते. मातीच्या हंडीतलं मटण आणि चुलीवरची रोटी खाऊनच पुढे निघा.